बिनधुराची रोषणाई

आमच्या घरचा धंदा जनरेटरचा. लग्न, हळद, साखरपुडा, गणपती, नवरात्र, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, जिथे म्हणून मोकळ्या जागेत मांडव पडतो आणि दिवे लागतात, तिथे वीज पुरवायची हे आमचं काम. करावे गावात सासऱ्यांची भातशेती होती. शहर आलं, शेती गेली. बदल्यात मिळालेल्या जागेवर घर उभं राहिलं, आणि माझ्या नवऱ्याने व त्याच्या धाकट्या भावाने मिळून एक जुना टेम्पो घेतला, त्यावर डिझेलचा जनरेटर बसवला. माझ्या स्वतःच्या लग्नातली रोषणाई त्याच जनरेटरवरची. नवरदेव अक्षतांच्या आधी दोनदा उठून त्यात डिझेल किती आहे ते बघून आला होता. माझ्या माहेरच्यांनी ते पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं.

त्या यंत्राचा आवाज एवढा मोठा होता की दोन माणसं त्याच्याजवळ उभी राहून बोलत असली तर भांडतायत असं वाटायचं. पण त्या आवाजाचा कुणाला त्रास वाटत नसे. उलट त्याची शान होती. आवाज आला की लोक म्हणायचे, आज अमक्याच्या घरी हळद हाय. धुराचं मात्र तसं नव्हतं. वाऱ्याची दिशा बदलली की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडायचे. टेम्पो गल्लीत लागला की बायका आधी दोरीवरचे कपडे काढायच्या आणि मग लग्नाला निघायच्या. मीही तेच करायची. धूर हा लग्नाचाच भाग आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढे दीर वेगळे झाले. भांडण वगैरे नव्हतं. त्यांनी करंजाड्याला घर घेतलं, तिकडे नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, तिकडच्या ऑर्डरी त्यांनी बघायच्या आणि इकडच्या आम्ही, असं ठरलं. मधल्या काळात घेतलेला नवा टेम्पो त्यांनी नेला, जुना आमच्याकडे राहिला. गौरी-गणपतीला सगळे एकत्र जमत होतो. धंद्यावरून शब्द वाढायचं कारणच नव्हतं, कारण दोघांची गिऱ्हाइकं वेगळी होती.

मग माझ्या नवऱ्याची पाठ धरली. जड केबलची वेटोळी उचलून उचलून मणका गेला होता. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. तेव्हापासून बाहेरची कामं माझ्याकडे आली. ऑर्डर घेणं, जागा बघून येणं, माणसं लावणं, सगळं. सुरुवातीला लोक फोनवर म्हणायचे, "शेठना द्या." मी म्हणायची, "शेठ झोपलेत, शेठानीशी बोला." हळूहळू सवय झाली, त्यांनाही आणि मलाही.

आमच्या जवळच, सीवूड्सला, एक मोठी सोसायटी आहे. तिथला गणपती म्हणजे आमची हक्काची ऑर्डर. त्यांच्या मीटरवर उत्सवाचा सगळा लोड झेपत नाही, म्हणून जनरेटर लागतो. एका वर्षी श्रावण संपत आला तरी त्यांचा फोन नाही. मी स्वतःच गेले. तिथल्या सेक्रेटरी बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड पण सरळ. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की या वर्षी ऑर्डर दुसऱ्याला दिली आहे.

"आमचं काही चुकलं का मॅडम?"

"काम चांगलंच असतं तुमचं. पण पहिल्या मजल्यावरच्या घरांत धूर जातो. दरवर्षी सांगतो, दरवर्षी तुम्ही टेम्पो थोडा पुढे सरकवता. ते नवीन मशीन बघून आलो आम्ही. बंद पेटीतलं आहे, आवाज नाही, धूर वरच्या नळीने उंच जातो."

"कुणाचं मशीन?"

त्यांनी कार्ड दाखवलं. माझ्या दिरांचं होतं.

घरी येईपर्यंत मी नवऱ्याला कसं सांगायचं याचा विचार करत होते. जेवताना सांगितलं, तर त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "बारक्याने पाठीत सुरा खुपसला. आता रेट पाडतो. बघू किती दिवस टिकतो."

"रेट पाडून कोनाचं भलं होनार? तुमचं नाय, त्याचं पन नाय. त्याने मशीन चांगली घेतली, एवढंच केलंय त्याने."

"तू त्याची बाजू घेतेस?"

"मी त्या सोसायटीची बाजू घेते. धूर खाते ती."

नवऱ्याने ताट बाजूला सारलं, आणि पुढे भावाशी बोलणंही टाकलं. मला त्याचा राग समजत होता. धाकट्या भावाला सायकल शिकवण्यापासून जनरेटरचा पट्टा बदलायला शिकवण्यापर्यंत सगळं त्याने केलं होतं. पण मला दुसरीही गोष्ट दिसत होती. धुराबद्दल नियम होते, कागद येत होते, मैदानांच्या परवानगीवर अटी छापलेल्या असत. त्या कुणी वाचत नव्हतं. आम्ही नाही, आमच्यासारखे इतर धंदेवाले नाहीत. आणि दिरांनी एक ऑर्डर नेली, तेव्हा कुठे आमच्या घरात धूर या विषयावर पहिल्यांदा बोलणं झालं.

मुलगी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात वीज विभागात नोकरीला लागली होती. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली. आमचं बोलणं ऐकून ती म्हणाली, "तुमी पण सायलेंट मशीन घेतलीत तर काकांच्या मागेच राहाल. ते पुढची घेतील, तुमी मागची. आमच्याकडे माल उचलायच्या गाड्या बॅटरीवर चालतात, दिवसभर. तुमच्या लायटी का नाय चालनार?"

तिचे वडील हसले. "मांडव हाय तो. टॉर्च नाय."

"पप्पा, मांडवात काय काय लागतं ते सांगा. आपन बेरीज करू."

रविवारी तिघेही घरामागच्या शेडमध्ये बसलो आणि प्रत्येक वस्तू काढून बघितली. सगळ्यात जास्त वीज खाणारे होते आमचे हॅलोजन. उजेड एक भाग, उष्णता तीन भाग. त्यांच्याखाली उभ्या राहिलेल्या नवरीचा मेकअप वितळायचा. मुलगी म्हणाली, बॅटरीचा विचार नंतर, आधी हे बदला. एलईडी आणले. पहिल्याच लग्नात जनरेटरला एवढं कमी काम पडलं की नवरा त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, "हा तर झोपलाय." त्या दिवसापासून त्याचं हसणं बंद झालं आणि प्रश्न विचारणं सुरू झालं. बॅटरी किती तास? पावसात काय? तापली तर? त्याला यंत्राची आवड मूळचीच. रागामुळे ती थोडे दिवस दबली होती एवढंच.

बॅटरीचं कपाट बनवून घ्यायला बराच वेळ गेला. तळोज्यातल्याच एका छोट्या कारखानदाराने ते जुळवून दिलं. आत बॅटऱ्या, इन्व्हर्टर, गार हवेसाठी पंखे, बाहेर मोठं लाल बटण, काही बिघडलं तर एका फटक्यात सगळं बंद करणारं. ते जुन्या टेम्पोवर चढवलं तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली. कुणीतरी विचारलं, "आइस्क्रीम विकनार का?"

पहिला प्रयोग माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात केला. दिवेलागणीला बटण दाबलं. मांडव उजळला. आवाज काहीच नाही. स्पीकरवरची सनई पहिल्यांदा नीट ऐकू आली. मी नवऱ्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. एवढ्यात नवरीमुलीचे वडील घाईघाईने आले.

"ताई, जनरेटर कवा चालू करनार?"

"चालूच हाय. दिवे दिसत नाय का?"

"आवाज कुठं हाय? लोक बोलतील, याने घरातून वायर खेचली, पैसे वाचवले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आवाज गेला तसा मानही गेला. मी त्यांना म्हटलं, "तुमी माइकवर सांगा, आख्ख्या करावे गावात पयला बॅटरीचा मांडव तुमच्या दारात लागलाय." त्यांनी खरंच सांगितलं. मग काय, जेवायच्या आधी पाहुण्यांची रांग टेम्पोकडे. प्रत्येक जण कपाटाला कान लावून बघत होता. नवरीमुलीच्या वडिलांनी स्वतः उभं राहून माहिती दिली, निम्मी चुकीची.

पुढच्या वर्षी सोसायटीने दोघांनाही बोलावलं, मला आणि दिरांना. कार्यालयात कमिटीची माणसं एका बाजूला, आम्ही दोघे दुसऱ्या बाजूला शेजारी शेजारी. दिरांनी उठून मला खुर्ची दिली. मग आपल्या मशीनबद्दल बोलले, आणि चांगलं बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी जे खरं होतं ते सांगितलं. दिवे, साउंड, पंखे बॅटरीवर चालतील. एसी चालणार नाही. अडीअडचणीसाठी डिझेलचं मशीन फाटकाबाहेर उभं राहील, लागलंच तर मला विचारून लावायचं.

एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "बॅटरी भरायची वीज तरी कोळशाचीच ना? मग धूर फक्त दुसरीकडे गेला."

मी म्हटलं, "खरं हाय. पन तुमच्या पयल्या मजल्यावरून तरी गेला ना. बाकीचं पन बघते मी." लोक हसले. दिरही हसले. ऑर्डर मला मिळाली.

महाआरतीच्या संध्याकाळी खरी परीक्षा झाली. कपाटातली बॅटरी किती उरली ते मोबाइलवर दिसतं. आरतीला अजून अवकाश होता आणि आकडा जेवढा उतरायला हवा त्याच्या कितीतरी खाली गेलेला. मी केबल धरून शेवटपर्यंत चालत गेले. केटररने आमच्या बोर्डवर कॉफीचं मशीन आणि जेवण गरम ठेवायच्या दोन पेट्या लावल्या होत्या.

"दादा, हे काढा. गॅसवर ठेवा."

"काकी, आपन कुठे पन लावतो. कोन बोलत नाय. टेन्शन कायको लेते?"

"डिझेल होतं तेव्हा कोन बोलत नव्हतं. आता मोजून वीज आनलीय. काढा."

तो ऐकेना. त्याच्या पोरांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मी वाद घालत बसले नाही. सेक्रेटरी बाईंना जाऊन सांगितलं, की मी आधी माझी फाटकावरची दिव्यांची कमान बंद करते, मग तुम्ही त्याच्या पेट्या बंद करायला सांगा. माझी कमान विझलेली बघून त्या स्वतः केटररकडे गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण पेट्या गॅसवर गेल्या. आरती पूर्ण झाली, प्रसाद झाला, मुलांचे नाच झाले. फाटकाबाहेरचं डिझेलचं मशीन कुणी हात न लावता तसंच उभं होतं. टाळ आणि लोकांचे आवाज थेट कानावर येत होते. आमच्या यंत्रामागे ते इतकी वर्षं दबून जायचे हे मला तिथे कळलं. मी उगाच केबल गुंडाळायला लागले.

दर्शनाला दीर आले होते. दर्शन झाल्यावर सरळ टेम्पोपाशी आले.

"वयनी, आतून बघू का जरा?"

मी कपाट उघडून दिलं. त्यांनी वाकून वाकून बघितलं, फोटो काढले, बॅटरी कुठून आणली ते विचारलं. मी सांगितलं. घरी आल्यावर नवरा भडकला. "दाखवलंस त्याला? सगळं?"

"देवळाचा गाभारा हाय का तो? बाजारात मिलते ती वस्तू. आज नाय तर उद्या तो घेनारच."

त्यांनी खरंच घेतली. एक नाही, दोन. वर आपल्या शेडच्या छपरावर सौर पॅनेल बसवले आणि दोन्ही टेम्पोंवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: धूर नाही, आवाज नाही, सूर्याची वीज. म्हणजे त्या निवृत्त गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याआधी त्यांनी दिलं. त्या सीझनला करंजाड्याकडच्याच नाही, आमच्याकडच्याही दोन-तीन ऑर्डरी त्यांच्याकडे गेल्या. राग आला. पण पूर्वीसारखी भीती वाटली नाही. आता काय करायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला मजा यायला लागली होती.

पॅनेल आमच्याही छपरावर चढले, ते तर करायलाच हवं होतं. पण त्याने फक्त बरोबरी झाली. मी जागा बघायला जायची तेव्हा एक गोष्ट सारखी दिसायची. नव्या इमारतींत आता खाली पार्किंग आणि त्याच्या गच्चीवर बाग. कार्यक्रम त्या बागेत. तिथे टेम्पो पोचतच नाही. जिन्यातून, भिंतीवरून केबल टाकावी लागते, मुलं अडखळतात, वीजही वाटेत वाया जाते. मी मुलीला म्हटलं, "कपाटाचे तुकडे करता येतील का? लिफ्टमधून जातील एवढे?"

तिने कागदावर काढलं, वडिलांनी चाकं आणि दांडा कसा हवा ते सांगितलं. ज्याला वजन उचलायला बंदी आहे तोच नेमकं सांगू शकतो की किती वजन ढकलायला जड जातं. तशा छोट्या गाड्या तयार झाल्या. भाजीवाल्याच्या हातगाडीपेक्षा लहान. दोन बायका आरामात ढकलतात. स्टेजपाशी एक, जेवणाकडे एक, फाटकाशी एक. लांब केबल नाही, कुणी अडखळत नाही. आमच्या गल्लीतल्याच दोघी आता माझ्याकडे त्या गाड्यांचं काम बघतात. याआधी आमच्या धंद्यात बायका कामाला नव्हत्या, कारण केबलच्या वेटोळ्यांशी झुंजायला लागायचं.

दिरांनी तशा गाड्याही केल्या, अर्थात. त्यांच्या थोड्या जास्त देखण्या. यंदाच्या गौरी जेवणाला आम्ही सगळे एकत्र होतो. नवरा आणि दीर ओटीवर बसून चाकांवरून वाद घालत होते, रबराची बरी की नायलॉनची. जाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आधी बोलत नव्हते तेच बरं होतं." दोघी पोट धरून हसलो.

आमच्या दोघांमुळे इतरांचीही झोप उडाली. वायर आणि दिवे जिथून घेतो त्या पनवेलच्या दुकानात एक जुने डेकोरेटर भेटले. मला बघून दुकानदाराला म्हणाले, "या दीर-भावजयीच्या भांडनात आमचं मरन. गिऱ्हाईक पयलाच प्रश्न विचारतंय, धूर हाय का?" मी म्हटलं, "भांडन नाय, चढाओढ हाय." ते म्हणाले, "नाव काय पन द्या." आणि त्यांनी एलईडीची मोठी ऑर्डर दिली.

सगळं स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही. एसीचे मोठे मांडव लागतात तिथे अजून डिझेल लागतं. आमच्याकडेही एक मशीन आहे, नव्या पद्धतीचं, कमी धुराचं, पण डिझेलचंच. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या की कुठे आणि कशा द्यायच्या याची चौकशी मुलगी आतापासून करते आहे. जे गेलं ते मात्र मी स्वतः बघितलं. आमच्या गल्लीत मांडव पडला तरी कपडे दोरीवर राहतात. आजूबाजूच्या गावांत हळदीला मूल रडलं तर आईला ऐकू येतं.

परवा एका मोठ्या मैदानावरच्या नवरात्रीसाठी आयोजकांनी तिघांना बोलावलं. मी, माझे दीर आणि तळोज्याकडचा एक नवा तरुण मालक. आयोजकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "डिझेल मैदानात येणार नाही. जमणार असेल तरच पुढे बोलू." तिघांनीही मान हलवली आणि बोलणं पुढे गेलं. माझं मन मात्र तिथेच थांबलं. पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर खोलीतले सगळे उठून गेले असते, आणि सगळ्यात आधी माझा नवरा. आता ती अट कुणाला अटही वाटली नाही. अभिमान वाटावा असं त्या खोलीत दुसरं काही घडलं नाही, पण मला तेवढं पुष्कळ होतं.

ऑर्डर त्या नव्या मुलाला गेली. त्याच्या बॅटऱ्या लवकर भरतात, आणि कार्यक्रम चालू असतानाच एक काढून दुसरी बसवता येते; एक नमुना आणून त्याने ते आमच्यासमोर करून दाखवलं. आम्ही दोघे खाली उतरलो. फाटकाजवळच्या टपरीवर दिरांनी चहा सांगितला.

"वयनी, गेली ऑर्डर."

"गेली."

"त्याचं ते बदलायचं कसं हाय, कललं का तुमाला?"

"थोडं कललं. तुमाला?"

"मला पन थोडंच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमचं थोडं आनि माजं थोडं मिलवलं तर होईल बहुतेक."

मी म्हटलं, "रविवारी या घरी. मुलगी पन असते. ह्यांना मी सांगते." मग टपरीवाल्याकडून एक कागद मागून घेतला आणि तिथेच बाकड्यावर ठेवून, जेवढं लक्षात होतं तेवढं काढायला सुरुवात केली. दीर शेजारी वाकून म्हणत होते, "नाय वयनी, ती पट्टी डावीकडं होती."